गाडी हलते असे धरून

४ जानेवारी

प्रिय धाकटी,

घरातील सर्व मंडळी तुम्हाला याच नावाने ओळखतात, म्हणून मीही तेच वापरतो. पन्नाशी ओलांडलेल्या आणि स्वतःचे वर्कशॉप चालवणाऱ्या बाईस ते शोभते किंवा कसे, हा प्रश्न तुमच्या ताईने कधी उपस्थित केला नाही. मी तो आता करणे उचित नव्हे.

तिला जाऊन उद्या पाच महिने होतील. माझी प्रकृती ठीक आहे. स्वयंपाक जमतो. येणाऱ्या लोकांना चहा करून देता येतो. अलीकडे लोक येत नाहीत.

पत्राचे कारण वेगळे आहे. झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली जी विजेवरची गाडी आम्ही दोघांनी नोंदवली होती, ती तुमच्या ताईच्या निधनानंतर तीन आठवड्यांनी घरी आली. तेव्हापासून अंगणात उभी आहे. छतावर सौर पॅनल बसवायचे आणि ते तुम्ही बसवायचे, एवढे तुम्हा बहिणींचे ठरले होते. आराखडा कुणी करायचा, हे ठरायचे राहिले. तो मी केला आहे व सोबत जोडला आहे.

छताची मोकळी लांबी चार मीटर चाळीस सेंटिमीटर, रुंदी एक मीटर सत्तर. दोनशे वॅटचे सहा पॅनल आडवे बसतात. वापराच्या तक्त्यात फ्रीज, पंखा, चार दिवे, पाण्याचा पंप व एक इंडक्शन शेगडी धरली आहे. पंप दिवसाला अकरा मिनिटे.

वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षे मी दुकानदारांचे तराजू तपासले. माझे काम कुणी तपासावे असा प्रसंग आला नाही. तो तुम्ही आणावा, ही विनंती. फोन न करता लिहितो, कारण फोनवरचे आकडे माणसे ऐकतात आणि विसरतात.

तुमचा,
भाऊजी

१५ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र वर्कशॉपमध्ये मोठ्यांदा वाचून दाखवलं. माझा वेल्डर म्हणाला, "बाई, हे पत्र आहे की नोटीस?" मी म्हटलं, बाबा रे, आमचे भाऊजी स्वतःच्या लग्नातसुद्धा असंच बोलत होते. फोटो काढणाऱ्याला विचारत होते, किती अंतरावर उभं राहू म्हणून.

तक्ता चोख आहे. शोधून शोधून चूक सापडली नाही, त्याचा जरा रागच आला. फक्त ती अकरा मिनिटं म्हणजे काय हो? आंघोळीला घड्याळ घेऊन जाता? पंधरा धरा. नाहीतर अंगाला साबण तसाच राहील.

आता कामाचं. चित्रात पॅनल छतावर सपाट नाहीत. तिरप्या सांगाड्यावर आहेत, सत्तावीस अंशांत. सांगाडा मिटतो का? मिटत असेल तर बिजागऱ्या कुठेत? मला तर सगळीकडे नटबोल्ट दिसतायत. आणि पाच पॅनल एका माळेत आणि सहावा बिचारा एकटा, वेगळ्या कंट्रोलरवर. त्याने काय घोडं मारलंय?

एवढं कळवा, मग मी लोखंड कापायला घेते. गाडी मे अखेरपर्यंत कधीही आणा, त्याच्या पुढे नको. पाचशे चाळीस किलोमीटर आहे. ताई एका दिवसात आली असती, तुम्ही दोन घ्या. दोनच दिवसांत पॅनल चढवून देते.

ताईचा बेत तुम्हाला माहीतच असेल. पहिला मुक्काम माझ्या दारात. "गल्लीत शिरले की हॉर्न मारीन, तू शटर वर कर," म्हणाली होती. तेवढं तुम्ही करा.

धाकटी

२७ जानेवारी

प्रिय धाकटी,

शंकांचा खुलासा क्रमाने करतो.

पंप पंधरा मिनिटे केला.

सांगाडा मिटत नाही. पॅनल दक्षिणेकडे सत्तावीस अंशांत कायम ठेवल्यास वर्षभरात सपाट पॅनलपेक्षा सुमारे एक दशांश वीज अधिक मिळते. बिजागरी ढिली होते आणि कोन बदलतो. नटबोल्ट बदलत नाहीत.

सहाव्या पॅनलचा दोष नाही. दोष शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीचा आहे. डिसेंबरच्या मध्यापासून मी बेचाळीस दिवस, दर अर्ध्या तासाने, छतावरील सावल्यांची नोंद घेतली. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी टाकीची सावली सहाव्या पॅनलच्या कोपऱ्यावर येते आणि सव्वाचारपर्यंत त्याच्यावर राहते. एका माळेतील एका पॅनलवर सावली पडली की बाकीचेही मंदावतात, हे तुम्हीच मागे तुमच्या ताईला समजावून सांगितले होते; मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो, पण ऐकत होतो. म्हणून तो पॅनल वेगळा काढला. नोंदींचे नऊ कागद जोडले आहेत.

वाऱ्यासंबंधी तुम्ही विचारले नाही, तरी लिहितो. त्याचा विशेष प्रश्न नाही. पूर्वेस घर व पश्चिमेस कुंपणाची भिंत आहे.

कामामुळे दिवस नीट विभागला जातो. साडेसातला शिडी लावतो. पाचला उतरतो. मधे जेवण.

तुमचा,
भाऊजी

४ फेब्रुवारी

भाऊजी,

नऊच्या नऊ कागद वाचले. दोनदा वाचले. पहिल्यांदा कौतुक वाटलं, इतकं कुणी करत नाही. दुसऱ्यांदा वाचताना हातातला चहा गार झाला.

एक विचारते, चिडू नका. शेजाऱ्यांची टाकी गाडीबरोबर प्रवासाला येणार आहे का?

ही गाडी आहे, भाऊजी. ती वळते. आज तोंड पूर्वेला, उद्या उत्तरेला. मग तुमची दक्षिण कुठे राहिली? झाडाखाली थांबाल तेव्हा सावली पहिल्यावर पडेल, नाहीतर चौथ्यावर. आणि तो तिरपा सांगाडा घेऊन हमरस्त्याला लागलात तर पहिल्याच पुलावर शिडाचं जहाज होईल. हे तुम्हाला कळत नाही असं मी मेले तरी मानणार नाही. तुम्ही किराणा दुकानातल्या काट्याखालची चिंधी शोधून काढणारा माणूस.

म्हणून दुसरं विचारते, आणि खरं सांगा. सत्तावीस अंश अर्ध्या अंशाच्या आत ठेवायचे तर गाडी पाणसळीत पाहिजे. चाकांखाली काय आहे? विटा?

तुम्ही गाडीचा आराखडा पाठवलेला नाही. खोलीचा पाठवलाय. आता कसलीही बिजागरी लिहून पाठवली तरी मी फसणार नाही.

मला वाटलं होतं, तुम्ही याल. मे अखेर म्हटलं ते उगाच नाही. वर्कशॉप बंद करतेय. जागा सोडायचीय. त्याआधी माझ्या हातून ह्या एकाच गाडीचं काम व्हावं असं मनात होतं. बाकी सगळ्यांच्या गाड्या करून झाल्या.

धाकटी

१६ मार्च

प्रिय धाकटी,

उत्तरास चाळीस दिवस लागले. विलंबाचे कारण प्रवास, आजारपण किंवा टपाल यांपैकी एकही नाही.

विटा आहेत. पुढच्या चाकांखाली दोन-दोन, मागच्या डाव्या चाकाखाली एक. पाणसळीचा बुडबुडा मधोमध आहे.

तुमचे निदान योग्य आहे. मी एका जागी उभ्या राहणाऱ्या वस्तूचा आराखडा केला, आणि तो गाडीचा म्हणून तुमच्याकडे पाठवला. नोकरीत असताना असा कागद समोर आला असता, तर मी तो शिक्का न मारता परत केला असता. हे जाणूनबुजून केले नाही. आपण काय करत आहोत हे मला तुमचे पत्र वाचल्यावर समजले, आणि समजल्यानंतरही पुढचे सहा दिवस मी साडेसातला शिडी लावली.

आता मूळ बाब. मला गाडी चालवता येत नाही.

तुमच्या ताईने एकोणतीस वर्षे ड्रायव्हिंग स्कूल चालवले. तिच्या रजिस्टरप्रमाणे अकराशे बावन्न जणांना तिने शिकवले. त्यात माझे नाव नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिने मला अकरा दिवस शिकवले. बाराव्या दिवशी नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडी थांबली. क्लच व ॲक्सिलरेटर यांचा मेळ मला साधेना. गाडी आठ वेळा मागे घसरली. आठव्या वेळी ती हसली. हसणे वाईट हेतूचे नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मी हँडब्रेक ओढला, दार नीट लावले आणि चार किलोमीटर चालत घरी आलो. त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही. पुढची एकतीस वर्षे मी शेजारच्या सीटवर नकाशा घेऊन बसलो. मी नकाशा चांगला वाचतो. लोकांनी असे गृहीत धरले की मला येते, पण तीच अधिक चांगली चालवते. तो गैरसमज मी दूर केला नाही.

ती आजारी असताना गाडी नोंदवली, तेव्हा चालवणार कोण याचा विचार मी केला नाही. ती होती.

आणखी एक निरीक्षण. तुमचे अक्षर एरवी उजवीकडे झुकते. जानेवारीच्या पत्रात ते सरळ उभे होते. फेब्रुवारीच्या पत्रात डावीकडे झुकले आहे, आणि शाई पुसटलेली आहे, जशी डाव्या हाताने लिहिणाऱ्याच्या तळव्याने पुसटते. वर्कशॉप बंद करण्याचे कारण तुम्ही लिहिलेले नाही. मी विचारत आहे.

तुमचा,
भाऊजी

२४ मार्च

भाऊजी,

चोर पकडायची सवय जात नाही तुमची.

उजवा खांदा गेलाय. नोव्हेंबरात शिडीवरून उतरताना पाय घसरला, एका हातावर लोंबकळले, तेवढ्यावर निभावलं, पण आतले धागे तुटले. जूनमध्ये ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, डोक्याच्या वर हात नेणं आता विसरा. छतावर काम करणाऱ्या बाईला असं सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. म्हणून शटर खाली. कळवलं नाही, कारण तुमच्याकडे आधीच पुरेसं होतं. वेल्डरच्या हातून काम करून घेईन, मी खालून शिव्या देईन. तो म्हणतो, ते तर पहिल्यापासून तसंच चाललंय.

आता चढावरची गोष्ट. भाऊजी, मला हे माहीतच नव्हतं. माझ्या फजितीच्या गोष्टी ताई चारचौघांत तिखटमीठ लावून सांगायची. आईच्या, वडिलांच्या, कुणाच्याही. मी कोंबडीच्या खुराड्यात गाडी घातली ते तर माझ्या सासरी जाऊन सांगून आली. पण ही गोष्ट एकतीस वर्षांत एकदाही तिच्या तोंडून निघाली नाही. ताईच्या पोटात गोष्ट राहिली म्हणजे ती तिला टोचत होती. ह्यापेक्षा जास्त मला काही माहीत नाही, आणि उगाच गोड करून सांगणार नाही.

बरं, आता काम. तुमच्याच आकड्यांवरून मी गणित केलं. सपाट सहा पॅनल, गाडीतला घरगुती वापर वजा केला तर चांगल्या उन्हात दिवसाला तीन युनिट उरतात. एका युनिटला तुमची गाडी चार किलोमीटर जाते. म्हणजे नुसत्या उन्हावर रोज बारा किलोमीटर. लोक हे ऐकून नाक मुरडतात. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो, "बस्स? बाराच?" तुमच्यासाठी मात्र बारा पुष्कळ आहेत. रोज तेवढेच शिका.

ताईच्या शाळेतली ती चष्मेवाली बाई अजून शिकवते ना? तिला फोन करा. पत्र नका पाठवू, ती घाबरेल.

आणि आराखडा पुन्हा करा. या वेळी गाडी हलते असं धरून.

धाकटी

९ मे

प्रिय धाकटी,

सुधारित आराखडा जोडला आहे. पॅनल सपाट, छतापासून चार सेंटिमीटर वर, खालून हवा खेळेल इतके. सहाही समांतर जोडले आहेत. सावली कोणत्याही पॅनलवर पडली तरी इतरांनी आपले काम चालू ठेवावे. तारा त्यामुळे जाड लागतील. त्यांची जाडी तक्त्यात दिली आहे. दिशेचा रकाना काढून टाकला. स्थळाच्या रकान्यात "लागू नाही" असे लिहिले आहे.

विटा एकोणतीस मार्चला काढल्या.

चष्मेवाल्या बाई रोज सकाळी सात वाजता येतात. आम्ही बारा किलोमीटर जातो. बारा पूर्ण झाले की मी थांबतो, एकदा भर चौकात पूर्ण झाले, तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, मीटरकडे नका बघू, मागे ट्रक आहे." पहिल्या परीक्षेत नापास झालो. परीक्षकाच्या मते मी चौकात पाच मिनिटे थांबलो. माझ्या मते रस्ता मोकळा नव्हता. दुसऱ्या परीक्षेत तीन दिवसांपूर्वी उत्तीर्ण झालो. परवाना मिळाला. बाईंनी रजिस्टर आणले होते. त्यांनी मला विचारले, नाव लिहू का. मी म्हटले, अकराशे बावन्न तिने शिकवलेले आहेत. माझे नाव नव्या पानावर, बाई, तुमच्या नावाखाली लिहा. त्यांनी तसेच लिहिले, पण क्रमांक अकराशे त्रेपन्न घातला. मी दुरुस्ती सुचवली नाही.

एक गोष्ट नमूद करतो. पहिल्या दिवशी मी सीटवर बसलो आणि डाव्या पायाने क्लच शोधू लागलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, या गाडीला क्लच नसतो." विजेच्या गाडीला क्लच नसतो, ही मला पुस्तकी माहिती होतीच. पाय मात्र शोधत राहिला. परवाना मिळाल्यावर मी एकटाच त्या टाकीजवळच्या चढावर गेलो. मुद्दाम मध्यावर थांबलो. ब्रेकवरून पाय काढला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागे आली नाही. मी हे आठ वेळा करून पाहिले.

घरी परतताना आठवले, की गाडी नोंदवताना शोरूममध्ये तुमच्या ताईने विक्रेत्याला तोच प्रश्न तीनदा विचारला होता: "चढावर मागे येत नाही ना? नक्की ना?" एकोणतीस वर्षे चढावर गाड्या उभ्या करून दाखवणाऱ्या बाईने हे का विचारावे, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. मी त्या वेळी गाडीच्या वजनाची पाटी वाचत होतो.

तिला तेव्हा आजाराचे निदान कळून दोन आठवडे झाले होते. यावरून निष्कर्ष काढण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. निरीक्षण फक्त नोंदवतो.

मी येत आहे. २४ मेला निघेन.

तुमचा,
भाऊजी

१५ मे

भाऊजी,

पत्र वेल्डरला वाचून दाखवणार होते. नाही दाखवलं.

आराखड्यात एकही चूक नाही. लोखंड कापून झालं, रंग वाळतोय. जागेच्या मालकाला सांगितलंय, एकतीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत किल्ली मागायची नाही. बाकी सगळं सामान गेलं. मधोमध गाडीपुरती जागा ठेवलीय, खडूने आखून. तुम्ही आत घालताना एका बाजूला तीस सेंटिमीटर सुटतील. मोजून घातलीत तरी चालेल.

सावकाश या.

धाकटी

२७ मे, वाटेवरून

प्रिय धाकटी,

हे पत्र मी चार्जिंगच्या थांब्यावर बसून लिहीत आहे. पत्र तुम्हाला माझ्यानंतर मिळेल, तरीही लिहितो. रिकामे बसण्यापेक्षा बरे. बाजूच्या तरुण जोडप्याने विचारले, कुठे निघालात. मी म्हटले, पॅनल बसवायला. त्यांनी छताकडे पाहिले. तिथे अजून काहीच नाही, हे नंतर माझ्या लक्षात आले.

पहिले शंभर किलोमीटर चष्मेवाल्या बाई शेजारी बसून आल्या आणि बसने परत गेल्या. त्यानंतरचे तीनशे दहा मी एकटा आलो. शेजारच्या सीटवर नकाशा उघडा ठेवला आहे. चालवताना तो वाचता येत नाही, हे तिने एकतीस वर्षांत कधी बोलून दाखवले नाही. ती रस्ता विचारायची आणि मी सांगायचो. दोन वळणे चुकली. दोन्ही वेळा पुढे जाऊन वळून आलो.

निघताना अंगणाकडे एकदा पाहिले. गाडीखालची फरशी बाकीच्या फरशीहून गडद राहिली आहे. घर बंद केले, किल्ली शेजारी दिली. टाकीची सावली आता तिथे थेट फरशीवर पडेल.

उरलेले एकशे तीस किलोमीटर उद्या. दुपारी तीनच्या सुमारास तुमच्या गल्लीत असेन. वस्तीच्या भागात विनाकारण हॉर्न वाजवू नये असा नियम आहे आणि तो योग्य आहे. मी एकदा वाजवीन. शटरला हात लावू नका, तुमचा खांदा नाजूक आहे. मी खाली उतरून स्वतः वर करीन.

तुमचा,
भाऊजी